गरम झाली की बंद पडणारी एमजीबी

तक्रार साधी होती. गाडी सकाळी एका झटक्यात सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटं उत्तम पळते, मग खोकायला लागते, सायलेन्सरमधून पट्‌पट् आवाज येतो आणि बंद पडते. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू होते. जुलै महिना, इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधले गरम दिवस. गाडी १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मालक मूळचे सांगलीचे, इथे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतून निवृत्त झालेले डॉक्टर.

निदान त्यांना आधीच मिळालं होतं: पेट्रोलची वाफ होते. एका गॅरेजने मागचा एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप बदलला, दुसऱ्याने पाइपांना चंदेरी उष्णतारोधक पट्टी गुंडाळली. फरक शून्य.

वाफेचा संशय अगदीच हवेतला नव्हता. या इंजिनात दोन्ही कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा लोखंडी नळ) डावीकडे, एकाच बाजूला आहेत. दीड इंची एसयू एचएस४ कार्ब्युरेटरची जोडी तापलेल्या मॅनिफोल्डच्या वर बसते, मध्ये फक्त एक पत्र्याची ढाल. पण एमजीबीचा पंप मागे, उजव्या चाकाजवळ आहे. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो, त्यामुळे पुढच्या लांब पाइपात कायम दाब असतो. वाफेचा त्रास बहुतेक वेळा गाडी उभी केल्यानंतर होतो. इंजिन बंद, हवा थांबलेली, फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी) तापलेलं, आणि दहा मिनिटांनी ती सुरू व्हायला कुरकुर करते. डॉक्टरांची गाडी मात्र पळता पळता बंद पडत होती आणि उभी राहिली की बरी होत होती.

म्हणून ठरवलं की आज एकही स्क्रू उघडायचा नाही. गाडी बंद पडेपर्यंत चालवायची आणि पडली की पहिल्या पाच मिनिटांत तपासायची. गरम असताना येणारा दोष गॅरेजमध्ये थंड गाडीत दिसत नाही. सोबत घेतलं ते एवढंच: इन्सुलेटेड पक्कड, बारीक स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज (बारीक फटी मोजायच्या पात्या) आणि वायरला क्रोकोडाइल क्लिप लावलेला एक चालू कंडेन्सर, म्हणजे इग्निशनमधला विजेचा उसळा झेलणारा छोटा डबा.

अ‍ॅबिंग्डनहून निघालो. ही गाडी ज्या गावात बनली तेच हे गाव. १९६२ पासून ऑक्टोबर १९८० पर्यंत इथल्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. इंजिन १७९८ सीसीचं, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी-सीरिजचं. आपल्या अँबॅसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. तिच्यावर हात बसलेल्या माणसाला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर अनोळखी वाटत नाही: प्लग आणि डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) उजवीकडे, सिलिंडर पेटण्याचा क्रम म्हणजे फायरिंग ऑर्डर १-३-४-२, टॅपेटचा आवाजसुद्धा ओळखीचा.

चालवायला ही गाडी सरळ आहे, पण तिचे नियम पाळावे लागतात. १९६६ च्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो (दातांचा वेग जुळवून देणारी कडी) नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, नाहीतर दातांचा खरखराट होतो. ब्रेकला सर्व्हो, म्हणजे पायाला मदत करणारी यंत्रणा, नाही, पाय खरोखर दाबावा लागतो, पण पुढच्या डिस्क कामाच्या आहेत. चोक ओढून सुरू केली की लगेच निघायचं आणि मैलभरात तो हळूहळू आत ढकलायचा. उभ्या गाडीत इंजिन गरम करत बसलं तर सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल पेट्रोलने धुऊन निघतं. इंजिन तापल्यावर तेलाचा दाब चालत्या गाडीत ५० पीएसआयच्या वर हवा. इथे ६० होता. चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० मैलांवर ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे चौथ्याच्याही वरच्या जादा गिअरचा, खटका दाबला की इंजिनाची आवर्तनं मिनिटाला ३३०० वरून सुमारे २७०० वर येतात आणि सगळी गाडी श्वास सोडल्यासारखी शांत होते. ज्याने एकदा ते अनुभवलं तो ओव्हरड्राइव्ह नसलेली एमजीबी घेताना दोनदा विचार करतो.

फ्रिलफर्डवरून वाँटेज, तिथून टेकड्यांच्या पायथ्याने जाणारा बी४५०७. वाँटेज सोडून तीन मैल झाले आणि पहिला झटका बसला.

"डॉक्टर, आरपीएमचा काटा बघा. पडतो की थरथरतो?"

"थरथरतोय. उड्या मारतोय."

मला हेच हवं होतं. या गाडीचा टॅकोमीटर, म्हणजे आरपीएमचा काटा, इग्निशनच्या प्राथमिक सर्किटमधले (कॉइलला बारा व्होल्ट देणाऱ्या वायरींमधले) विजेचे ठोके मोजतो. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन थकत जातं आणि काटा त्याच्यासोबत सावकाश खाली येतो. चाकं इंजिनला फिरवत असताना काटा एकदम शून्यावर गेला तर प्राथमिक सर्किट तुटलं आहे. आणि तो वेड्यासारखा नाचायला लागला तर पॉइंटवर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या हा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कावर, काहीतरी बिनसलं आहे. पेट्रोलच्या दोषाने काटा असा नाचत नाही.

शेताच्या फाटकापाशी गाडी बाजूला घेतली. किल्ली फिरवली, स्टार्टर न मारता. मागून पंपाची टिकटिक आली, चार-पाच ठोके आणि मग शांतता. म्हणजे फ्लोट चेंबर भरलेली आहेत आणि त्यांच्या तोंडाच्या नीडल व्हॉल्व्हने वाट बंद केली आहे. टिकटिक थांबलीच नसती तर गळती, पाइपात शिरलेली हवा किंवा रिकामी टाकी. चेंबर रिकामी असूनही पंप गप्प राहिला असता तर पंपाच्या आतलेच पॉइंट जळालेले. चेंबरची झाकणं मी उघडली नाहीत. तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल सांडायचा धोका कशाला घ्यायचा?

मग डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधली जाड वायर काढून पकडीने तिचं टोक ब्लॉकपासून ६ मिलीमीटरवर धरलं आणि डॉक्टरांना स्टार्टर मारायला सांगितलं. ठिणगी पिवळी, बारीक, तीही मधूनच. निरोगी ठिणगी निळी असते आणि फट्‌कन आवाज करते.

आता शेवटची चाचणी. कॅपच्या दोन क्लिपा काढल्या, रोटर उचलला, गाडी चौथ्या गिअरमध्ये थोडी ढकलून पॉइंट मिटतील असं इंजिन फिरवलं. किल्ली चालू, आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पॉइंट हलकेच उघडला. भर उन्हातसुद्धा दिसेल अशी ठसठशीत निळी-पांढरी ठिणगी पॉइंटच्या फटीतच उडाली. कंडेन्सर चांगला असता तर तिथे जेमतेम एक ठिपका दिसला असता.

पॉइंट उघडतो त्या क्षणी कॉइलच्या प्राथमिक वेढ्यात दोन-तीनशे व्होल्टचा उसळा येतो. तो कंडेन्सरने शोषून घ्यायचा असतो, म्हणजे प्रवाह झटकन तुटतो आणि दुय्यम वेढ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सर आतून तुटला की तीच ऊर्जा पॉइंटवर जळून जाते आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही. (कंडेन्सर शॉर्ट झाला तर ठिणगी कुठेच येत नाही, मग आधी जुन्याची वायर सोडवावी लागते. इथे तो उघडा पडला होता, म्हणून सोडवायची गरज नव्हती.)

सोबतच्या कंडेन्सरचं धातूचं अंग कॉइलच्या पट्टीच्या बोल्टखाली, रंग खरवडून, घट्ट दाबलं. त्याची वायर कॉइलच्या 'सीबी' टर्मिनलला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला. रोटर, कॅप जागेवर. इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झालं. अ‍ॅशबरीपर्यंत जाऊन परत आलो, काटा एकदाही नाचला नाही.

गॅरेजमध्ये दोषी कंडेन्सर काढून मीटरला लावला. थंड झालेला असताना ०.२१ मायक्रोफॅरड, म्हणजे अगदी हवा तसा. हेअर ड्रायरने तापवायला लागलो. डॉक्टर आकड्याकडे टक लावून बसले होते. दीड मिनिटाने ०.२१ चा ०.०९ झाला, परत ०.२१, आणि मग सरळ शून्य. आतल्या गुंडाळीचा जोड उष्णतेने सुटत होता आणि गार झाला की पुन्हा टेकत होता. वसंत ऋतूतल्या सर्व्हिसिंगमध्ये पॉइंटसोबत तो नवा म्हणूनच बसवला होता. आज बाजारात मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरांचा दर्जा इतका बेभरवशाचा आहे की मी प्रत्येक नग आधी असाच तापवून मोजतो. जुना मूळ कंडेन्सर चालत असेल तर 'सर्व्हिसिंग' म्हणून तो बदलू नये, हे माझं ठाम मत आहे.

पॉइंटची तोंडं काळी-निळी पडली होती, तीही बदलली. या गाडीच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरमध्ये इथे हमखास चूक होते. कंडेन्सर आणि कॉइल, दोन्ही वायरींचे डोळे पॉइंटच्या स्प्रिंगला टेकले पाहिजेत, पण मधल्या खुंटीला अजिबात नाही. त्यासाठी टोपीसारखा प्लास्टिकचा बुश आधी डोळ्यांतून आणि मग खुंटीवर जातो. क्रम चुकला की वीज थेट गाडीच्या धातूच्या अंगात (अर्थला) जाते आणि गाडी मुळीच सुरू होत नाही. फट ०.३८ मिलीमीटर ठेवली. कॅमवर ग्रीसचा बोटभर नव्हे, नखाएवढा लेप. तो नसला की पॉइंटची फायबरची टाच झिजते, फट मिटत जाते आणि टायमिंग मागे पडतं. शेवटी स्टॅटिक टायमिंग, म्हणजे इंजिन बंद ठेवून लावायची ठिणगीची वेळ, पिस्टन वर पोचण्याच्या १० अंश आधी.

पॉइंट जिच्यावर बसतात त्या ब्रेकर प्लेटची छोटी अर्थ वायरही तपासली. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समुळे प्लेट सतत हलते आणि ती वायर कापडी वेष्टणाच्या आत तुटते, बाहेरून धडधाकट दिसते. हिची शाबूत होती.

पाइपांवरची चंदेरी पट्टी काढली, कारण खाली ओल धरून पाइप गंजायला लागला होता. रबरी नळ्या मात्र बदलल्या. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं आणि जुनं रबर त्याने भेगाळतं. डॉक्टरांना ई५ चं, म्हणजे ५ टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेलं, सुपर पेट्रोलच भरायला सांगितलं.

काढून ठेवलेला मूळ पंप त्यांनी डिकीतून आणला होता. बारा व्होल्टवर लावला तर ठणठणीत टिकटिकला. त्याचे पॉइंट साफ करून, कापडात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. मोजून तापवलेला एक कंडेन्सर, क्लिप लावलेल्या वायरसकट, ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला. डॉक्टरांनी त्याला चिठ्ठी बांधली: 'सीबी टर्मिनल, अंग अर्थला.'