गवताचं गणित मांडून काय मिळतं?

लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच: "१९७९ पासून सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य आहे, तरी माळढोक दिसायची मारामार. तुझ्या समीकरणांनी काय होणार?" माळढोक येणार नाही. झालं समाधान? मी पक्ष्यांवर काम करतच नाही. दोन गवतं एका माळावर कशी टिकतात, एवढंच बघते.

समजा चराई-वणव्यानं दरवर्षी माळाचा दहावा हिस्सा मोकळा होतो. पवन्या दुसऱ्या गवताला हुसकावतो, पण पसरतो हळू, पसरण्याचा वर्षाचा दर ०.२ धरा. कुसळीचं बी मेंढरांच्या लोकरीत अडकून कुठंही जातं, तिचा ०.८. मग पवन्या निम्मा माळ धरतो, कुसळी पाव. आता निम्मा माळ नांगराखाली, प्लॉटिंगखाली कायमचा गेला, तर पवन्या संपतो. कुसळी उलट वाढते. आकडे माझे, पण दांडगं गवत आधी जातं, आणि तेही बऱ्याच उशिरानं, हे परिसरशास्त्रज्ञ डेव्हिड टिल्मन आणि सहकाऱ्यांनी १९९४ सालीच मांडलंय. तोवर बघणारा म्हणतो, गवत आहे की!

काकांनी बार्शी रोडकडचं आमचं पडीक रान विकायला काढलं, तेव्हा सातबाऱ्याच्या पाठीवर मी हेच मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. घरात माझं गणित ऐकून घेणारे तेवढेच. म्हणाले, "गेलेल्या माळात आपलं रान आधीच धर अन् पुन्हा कर."

केलं. दुसऱ्या दशांशापर्यंत काही हललं नाही.

"बघ की."

"सगळेच असं म्हणाले तर?"

"मग पयला नंबर माझाच का गं?"

कागदावर याला उत्तर नव्हतं. कुठलाही तुकडा तिथं सारखाच. बी कुठूनही कुठंही पोचतं असंच धरलेलं. काकांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. मीही सही केली. तुम्ही काय केलं असतं?

तेव्हा वाटायचं, मॉडेलमध्ये अंतरं घातली की काकांना उत्तर देता येईल. घातली. सलग माळ आणि विखुरलेले तुकडे यांतला फरक आता दिसतो. कुणी विकायचं नाही, ते अजून निघत नाही. आणि ते गणिताचं कामच नाही म्हणून हात झटकणंही जमत नाही.

सध्या चराईचा दर दोन्ही गवतांना वेगवेगळा धरून बघतेय. कुसळं धरली की मेंढरं कुसळीला तोंड लावत नाहीत, पवन्यावर तुटून पडतात. त्यात पवन्या आणखीच लवकर संपतोय.