आमच्या ऑफिसचा फ्रीज आणि काळ्या पिशवीतलं दूध

गेल्या वर्षी जूनमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाचला मी ऑफिसच्या फ्रीजमधून एक छोटी काळी कॅरीबॅग काढली, गाठ न सोडताच वरून दाबून बघितली, आत काहीतरी पातळ लागलं, वर नाव नाही की तारीख नाही, म्हणून सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. आमच्याकडच्या एका मुलीने दिवसभरात दोनदा वेळ काढून पंपाने काढलेलं बाळासाठीचं दूध होतं ते. हे लिहावं की नाही यात बरेच महिने गेले, पण ऑफिसच्या फ्रीजचे नियम कसे करायचे असं मला हल्ली दोन-तीन जणींनी विचारलं आणि त्या शुक्रवारचं सांगितल्याशिवाय मला नियमांबद्दल काही सांगताच येत नाही.

आमचं ऑफिस पुण्यात, माणसं ४२, आणि पँट्रीत एकच फ्रीज, डबल डोअर, साधारण २५० लिटरचा. तो कुणाचाच नव्हता म्हणजे त्याच्याकडे बघायचं काम कुणाचंच नव्हतं. वाढदिवसाचा अर्धा केक खोक्यासकट आठवडाभर पडून, संध्याकाळी घरी न्यायला घेतलेलं आणि विसरलेलं इडलीचं पीठ फुगून पिशवीबाहेर आलेलं, मेथीच्या जुडीचं पाणी खालच्या ट्रेमध्ये, शेजवान चटणीच्या तीन बाटल्या अर्ध्या अर्ध्या. त्यात ताकाची पाकिटं गायब व्हायची, मग ग्रुपवर मेसेज, मग त्यावर दुसऱ्याचा मेसेज, दुपारभर तेच. शेवटी मला राहवलं नाही आणि एका संध्याकाळी पंधरा मिनिटांत मी एकटीनेच पाच नियम टाईप केले, प्रिंट काढली, फ्रीजच्या दारावर चिकटवली. नाव आणि तारीख लिहिलीच पाहिजे, उग्र वासाचे पदार्थ ठेवू नयेत, शुक्रवारी पाच वाजता नाव नसलेलं सगळं टाकून देण्यात येईल, असं सगळं. सगळे म्हणाले छान केलंत ताई, आणि तीन आठवडे फ्रीज खरंच छान दिसत होता.

ती साडेपाचला आली. पर्स खांद्याला, निघायच्या घाईत. फ्रीज उघडला आणि खालच्या कप्प्याकडे बघत तशीच उभी राहिली, दार उघडं ठेवून, इतका वेळ की मीच विचारलं, काय शोधतेस गं? म्हणाली, काही नाही ताई. पण हलेना. आमच्या मावशी बेसिनवर कप धूत होत्या, त्यांनी मागे वळून बघितलं, मग डब्याकडे बघितलं, आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, ताई, ती काळी पिशवी बाळाची असते, रोज असते. मावशींनी हात घालून पिशवी वर काढलीसुद्धा, पण ती फुटली होती, चहाच्या चोथ्यात सगळं सांडलेलं. ती म्हणाली राहू द्या मावशी, आणि डोळे पुसत लिफ्टकडे गेली.

मावशींना माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

तिने नाव का लिहिलं नव्हतं हे मला त्या रात्री कळलं. त्याच फ्रीजमधून वीस पुरुष डबे काढतात, पिशवीवर नाव लिहिलं की यात काय आहे हा प्रश्न येणारच, आणि नवीन आईला ते उत्तर पँट्रीत उभं राहून द्यायचं नसतं. म्हणजे माझा पहिलाच नियम असा होता की तिला जे करणं शक्य नव्हतं तेच मी मागितलं होतं. आणि मला हे कळायला हवं होतं, कारण २००९ मध्ये मी स्वतः माझ्या लेकीच्या वेळी कामावर परत गेले तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची होती, दुपारी छाती दगडासारखी व्हायची आणि मी वॉशरूममध्ये जाऊन दूध पिळून बेसिनमध्ये सोडायचे. तिथेही फ्रीज होता. त्यात दूध ठेवावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही, इतकी लाज वाटायची. लेकीला वरचं दूध सुरू केलं. १५ वर्षांनी एक मुलगी माझ्यापेक्षा धीट निघाली, तिने निदान काळ्या पिशवीत घालून ठेवलं, आणि ते टाकणारी मी.

कायद्याने आता बरंच बदललंय हे खरं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करावी लागते, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. पण आम्ही ४२. आणि २६ आठवडे म्हणजे सहा महिने, जागतिक आरोग्य संघटना सांगते की सहा महिने फक्त आईचं दूध आणि नंतरही वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं किंवा पुढेही चालू ठेवावं. म्हणजे रजा संपते तेव्हा दूध संपलेलं नसतं. अशा वेळी पाळणाघर नसलेल्या ऑफिसात तिच्याकडे काय असतं, तर पंप आणि फ्रीज. काढलेलं दूध २५ डिग्रीच्या खोलीत चार तास टिकतं, आमच्याकडे मे-जूनमध्ये पँट्री काही २५ ला नसते. नीट गार फ्रीजमध्ये तेच दूध चार दिवस टिकतं.

सोमवारी मी कागद दारावरून काढला. मग एक वही घेतली आणि आठवडाभर चहाच्या वेळेला एकेकाजवळ जाऊन बसले, प्रश्न दोनच. तुम्ही फ्रीजमध्ये काय ठेवता? आणि काय ठेवावंसं वाटतं पण ठेवत नाही? पहिल्या प्रश्नाला सगळ्यांची उत्तरं तीच, डबा, दही, ताक, फळं. खरं काय ते दुसऱ्या प्रश्नाला कळलं.

एक सिनियर सर, त्यांना डायबेटिस आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, इन्सुलिनचं जास्तीचं पेन बॅगेत घेऊन फिरायचे, उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत सुद्धा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं आणि गोठलं तर ते वापरायचं नाही, टाकावं लागतं, त्यामुळे आपल्या फ्रीजमध्ये कुणी सरकवून मागच्या बर्फगार भिंतीला लावलं तर काय, या भीतीने ते ठेवतच नव्हते. खाली गेटवरचे वॉचमन काका, पत्र्याच्या केबिनमध्ये बारा तास, डबा दुपारी उघडेपर्यंत भाजीला वास आलेला असायचा. आणि मावशी. मावशी तीन वर्षं तो फ्रीज पुसतायत, आणि त्यांचा स्वतःचा स्टीलचा डबा रोज बेसिनशेजारच्या ओट्यावर, ओल्या फडक्यात गुंडाळून. मी म्हणलं मावशी, आत का नाही ठेवत? तर म्हणाल्या, तो स्टाफचा ना? फडकं दर तासाने परत ओलं करायच्या त्या, मी रोज बघत होते आणि मला वाटायचं की ते ओट्याचंच फडकं आहे.

यानंतर आधी फ्रीज दुरुस्त केला कारण नियम काहीही करा, फ्रीज गार नसेल तर उपयोग काय. एक साधा थर्मामीटर आणला, रात्रभर पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या कप्प्यात ठेवला (नुसता हवेत ठेवला तर दार उघडलं की आकडा पळतो), सकाळी ९ डिग्री. जेवणाच्या सुट्टीनंतर ११. पाहिजे ५ च्या आत. ५ ते ६० डिग्रीच्या मधे जंतू भराभर वाढतात, म्हणजे आम्ही सगळे आपले डबे कोमट कपाटात ठेवून निर्धास्त होतो. कारणं शोधली तर सगळी साधी. आत मागच्या बाजूला गार हवा यायच्या जाळ्या असतात, त्यांच्यासमोर केकची खोकी ठासलेली. फ्रीज भिंतीला अगदी चिकटवलेला, मागून गरम हवा निघायला जागाच नाही, तो वीतभर पुढे ओढला. दाराच्या रबराच्या खाचेत सायीचा आणि धुळीचा थर, दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावलं तर नोट सहज निघून येत होती, याचा अर्थ गार हवाही तशीच निघून जात होती. कोमट पाणी-साबणाने रबर पुसलं, वाकलेलं होतं तिथे गरम पाण्याचं फडकं धरून सरळ केलं, आता नोट ओढावी लागते. आणि आतलं बटण कुणीतरी १ वर ठेवलेलं, १ म्हणजे सगळ्यात गार असं समजून, आमच्या फ्रीजला आकडा जितका मोठा तितकं गार. दोन दिवसांत ४ डिग्री आलं. एक पैशाचा पार्ट बदलला नाही.

मग वासाचा नियम. याच्यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. आमच्याकडे मालवणकडची एक मुलगी आहे, ती कधीतरी सुकटीची चटणी आणते, तिने मला शांतपणे विचारलं, ताई, उग्र वास म्हणजे माझाच ना? लसणाच्या चटणीचा डबा सगळा फ्रीज भरून टाकतो, हिंग लावलेलं लोणचं असतं, त्यांना कुणी कधी काही बोललं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण तो नियम लिहिताना माझ्या डोळ्यासमोर खरंच तिचाच डबा होता. दुसरीकडे कांदा-लसूणसुद्धा न खाणारा एकजण, त्याला विचारलं तर तो म्हणाला, मला कुणाच्या डब्याचं काही नाही, फक्त माझ्या डब्यावर कुणाचं काही सांडायला नको. इतकंच हवं होतं त्याला. आम्ही बाकीचे त्याच्या वतीने भलतंच ठरवून बसलो होतो. म्हणून आता कुठल्या पदार्थाला बंदी नाही. झाकण घट्ट लागणारा डबा पाहिजे, मग आत सुकट असो, श्रीखंड असो नाहीतर फणसाचे गरे. ज्यांना वेगळं हवंय त्यांच्यासाठी वरचा अर्धा कप्पा. कच्चं चिकन, कच्ची मासळी मात्र कुणीच ठेवायची नाही, कारण त्याचं पाणी दुसऱ्याच्या शिजलेल्या अन्नात गेलं तर माणूस आजारी पडू शकतो. हे मालवणच्या मुलीनेच सुचवलं.

बाकीचे नियम सांगते, एका पानाचेच आहेत. डब्यावर वार लिहायचा, नाव लिहायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं, नाव नको असेल तर टेबलाचा नंबर. नुसता वार पुरतो कारण शिजवलेलं काहीही तीन दिवसांच्या वर ठेवायचंच नाही. भात दुसऱ्याच दिवशी संपवायचा, उरलेल्या भातातल्या जंतूंचं विष गरम करूनही जात नाही, फोडणीचा भात केला म्हणून तो सुरक्षित होत नाही. खालच्या कप्प्यात झाकणाचा निळा डबा आहे, त्यात औषधं आणि बाळाचं दूध, मागच्या भिंतीपासून लांब, दारातही नाही कारण दारात सगळ्यात जास्त ऊब लागते. तो डबा ज्याचं आत काही आहे त्याच्याशिवाय कुणीही उघडायचा नाही, अगदी साफसफाईच्या दिवशीही नाही. साफसफाई आता पाळीने, दर शुक्रवारी दोघं, मावशींचं ते काम नाही. चार वाजता फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, कुणाचं आहे विचारायचं, कुणी बोललं नाही तर वस्तू एका वेगळ्या ट्रेमध्ये सोमवारपर्यंत राहते. उघड सडलेलं असेल तरच लगेच टाकायचं. आणि गाठ बांधलेली पिशवी विचारल्याशिवाय टाकायची नाही, ही ओळ मी स्वतः हाताने लिहिली आहे. गुरुवारी आमच्या भागात अधूनमधून दुरुस्तीसाठी लाईट जाते, त्या दिवशी दारावर पाटी लागते, उघडू नका, बंद राहिला तर चार तास गार राहतो.

ताक अजून कधीकधी जातं. पण आता ज्याने घेतलं तो दुसऱ्या दिवशी आणून ठेवतो, न सांगता, त्यावर मी काही नियम केलेला नाही.

तिची मी माफी मागितली, सोमवारी सकाळीच, तिच्या टेबलाशी जाऊन. ती म्हणाली ताई, तुम्हाला माहीत नव्हतं. मी तिला २००९ चं सांगितलं, आम्ही दोघी बराच वेळ बसलो. नंतर कॉन्फरन्स रूमच्या बाजूची कागदपत्रांची छोटी खोली तिला दुपारी अर्धा तास मिळेल असं साहेबांशी बोलून घेतलं, आतून कडी बसवली, पडदा लावला, एक खुर्ची ठेवली. दोन आठवड्यांनी निळ्या डब्यात बघितलं (माझं डोळ्यांच्या ड्रॉप्सचं पाकीट होतं आत) तर काळी पिशवी नव्हती, दोन स्वच्छ पाऊच उभे होते, त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात बाळाचं नाव, तारीख, आणि वेळ, ११:४०.

आता मे महिना जवळ आला की आंब्यांचा प्रश्न आहे. गेल्या वर्षी दोघांनी हापूसच्या अर्ध्या अर्ध्या पेट्या फ्रीजमध्ये कोंबल्या होत्या, जाळ्या त्यांनीही बंद. कच्चा आंबा फ्रीजमध्ये पिकत नाही, उलट गारठून खराब होतो, हे सांगूनही पटत नाही म्हणून मावशींनीच परवा तोडगा काढला, पेट्या गवतासकट स्टोअरमध्ये राहतील, पिकलेले तेवढे रोज त्या काढून देतील, आणि कापलेल्या फोडी झाकणाच्या डब्यात, त्यांच्या डब्याच्या शेजारी.