रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं होतं

देवगड तालुक्यात सतरा वर्षं मी फिजिओथेरपी करते. निम्मं काम दवाखान्यात, निम्मं लोकांच्या पडवीत. कारण ज्यांना माझी खरी गरज असते त्यांना पाखाडी उतरून रिक्षापर्यंत येताच येत नाही. आतापर्यंत शेकडो पावलं हाताळली असतील. पण गेल्या वर्षीचं एक पाऊल अजून डोक्यातून जात नाही.

आजी एकोणसत्तर वर्षांच्या. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरीवर जाताना शेवाळलेल्या चिऱ्यावरून पाय घसरला आणि उजवं पाऊल आत वळलं. त्याच दिवशी मुलाने त्यांना जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. तिथे घोट्याचा एक्स-रे निघाला, ‘हाड शाबूत आहे, मुरगळलंय’ असं सांगण्यात आलं आणि क्रेप बँडेज बांधून त्यांना घरी पाठवलं. आजी तीन आठवडे त्या पायावर चालल्या. वर शेजारच्या वाडीतल्या एकाकडून रोज तेलाने चोळून घेतलं.

दुखत मात्र घोट्यात नव्हतं. करंगळीच्या मुळापासून पावलाच्या बाहेरच्या कडेने मागे मागे हात फिरवत गेलं की हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो, दुखणं तिथे होतं. तिथे दाबून दुखलं तर पावलाचा वेगळा एक्स-रे काढायचा, हे १९९२ च्या ओटावा नियमांपासून जगभर शिकवलं जातं. त्यासाठी यंत्र लागत नाही, अंगठा लागतो. तो कुणी टेकवला नाही याचा मला आजही राग येतो.

जुलैत आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी पावलाचा तिरका एक्स-रे काढला तेव्हा पाचव्या मेटाटार्सलचं, म्हणजे करंगळीच्या मागच्या लांब हाडाचं, फ्रॅक्चर दिसलं. या हाडाचं अगदी टोक उडालं तर सहा-आठ आठवड्यांत बहुतेकांचं निभावतं. आजींचं मोडलं होतं जरा पुढे, शेजारच्या चौथ्या हाडाशी सांधा होतो त्या पट्ट्यात. दोन पाटांचं पाणी दोन्हीकडून यावं आणि मधला वाफा कोरडाच राहावा, तशी तिथल्या रक्तपुरवठ्याची गत असते. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश सर्जनने नाचताना स्वतःचंच हे हाड मोडून घेतलं आणि १९०२ मध्ये त्यावर लिहिलं, म्हणून त्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, “तो नाचाक तरी गेलेलो. मी पाण्याक गेललंय.”

आठ आठवडे पाऊल जखडून ठेवणारा बूट, आणि त्या पायावर अजिबात भार नाही, असं ठरलं. हे कागदावर लिहायला सोपं आहे. वॉकर घेऊन एका पायावर उड्या मारत उंबरठा ओलांडायचा, ओल्या न्हाणीत जायचं, आणि संडास खळ्याच्या पलीकडे. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला ते जमणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून पहिल्या भेटीत व्यायाम बाजूला ठेवून मी फक्त घर बघितलं. प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून खाली बादली ठेवली, न्हाणीत गोणपाट टाकलं, उंबरठ्याला दोन्हीकडून फळीचा उतार केला. त्याच भेटीत माझा नेहमीचा फॉर्मही भरला. मधुमेह नाही, रक्तदाब आहे. धूम्रपान, मद्यपान – नाही. तंबाखू – नाही. “आजी, तंबाखू खाता काय?” असं विचारलं आणि त्यांनी मान हलवली, एवढंच.

मग गणपती आले. मुंबईहून चौदा माणसं घरात, पाच दिवसांचा गणपती, आणि आजी बूट काढून चुलीसमोर उभ्या. चाकरमान्यांचा मला राग नाही, त्यांच्या येण्यानेच ही घरं वर्षातून एकदा हसतात. पण चौदातल्या एकालाही “आई, तू बस” म्हणावंसं वाटू नये? पुढे तेच फोन करून मला विचारत होते, “मॅडम, अजून किती दिवस?”

सप्टेंबरच्या एक्स-रेत फटीची रेघ तशीच होती. ऑक्टोबरातही तशीच. स्क्रू घालायचा तर गोव्यात बांबोळीचं मोठं हॉस्पिटल किंवा कोल्हापूर गाठावं लागणार, आणि आजी ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हत्या. जो तो म्हणे, वय झालं, आता हाड जुळायचं नाही. हे वाक्य मी फार ऐकते. वयाने वेळ लागतो हे खरं, पण ‘वय झालं’ म्हटलं की पुढे शोधायचं थांबतं. मीही थांबलेच होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस ठरलं की बूट घालून थोडं थोडं वजन देऊन बघू. ‘थोडं’ म्हणजे किती? पेशंटला ते कधीच कळत नाही, म्हणून मी काट्यावर शिकवते. त्यांच्या पडवीत काजूबी मोजायचा काटा होता. डाव्या पायाखाली काट्याच्या उंचीची फळी, उजवा पाय काट्यावर, दोन्ही हात वॉकरवर. आकडा १० किलोवर आला की थांबायचं. आजींचं वजन ४८. आकड्याकडे बघत त्या म्हणाल्या, “म्हणजे भरलेली कळशी.” तेवढं माप त्यांना पुरलं. त्यानंतर त्या न बघता दाबत, आणि मी काटा बघितला की नऊ ते अकराच्या मध्ये असे. इतका नेमका पाय मी तरुणांचाही पाहिलेला नाही.

वॉकरची पकड सैल होती म्हणून मी त्यांची बोटं एकेक करून दांड्यावर बसवत होते. उजव्या तर्जनीचं टोक काळं होतं. ते मी जुलैपासून बघत होते. पावसात घरोघरी साठवलेल्या काजूबिया भाजून फोडतात, त्याचा चीक लागला असणार असं मी धरून चालले होते. त्या दिवशी प्रथमच लक्षात आलं की चिकाचे डाग दोन्ही हातांना पडतात, आठ-दहा बोटांना पडतात. इथे एकच बोट, तेही टोकाला, आणि नखाच्या कडेला बारीक काळी भुकटी.

“आजी, मशेरी लावता?”

त्यांनी कनवटीची डबी काढून दाखवली. झाकणाचा रंग बोटांनी घासून गेलेला.

“तंबाखू नाही म्हणालात मला.”

“ह्या खंय तंबाखू? ह्या दात घासूचा. आणि मशेरीचा माका कोणी इचारलाच नाय.”

बाराव्या वर्षापासून लावत होत्या. पूर्वी दिवसातून दोनदा, सकाळी आणि जेवल्यावर. पाय मोडून बसल्यापासून पाच-सहा वेळा, रात्री जाग आली तरी एकदा. दिवसभर एका जागी बसून दुसरं करणार काय? त्यांना बसवलं होतं आम्ही.

भाजलेली असली तरी मशेरी तंबाखूच. हिरडीतून निकोटिन सरळ रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. जिथे मुळातच पाणी पोचत नाही त्या वाफ्याचा पाट आम्ही चार महिने बांधून ठेवला होता. डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. ते क्षणभर काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “मीही नाही विचारलं.” त्यांनी ते कबूल केलं याचं मला मोल वाटतं.

सोडणं सोपं गेलं नाही. दहा-बारा दिवस पोट साफ होईना, चिडचिड झाली, सुनेशी बोलणं बंद. सून मात्र शहाणी. तिने भाताचा तूस जाळून राखुंडी केली आणि त्याच डबीत भरून दिली, कारण बोटाला सवय डबीची होती. त्याच सुमारास रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी निघालं आणि आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी सुरू झाली.

डिसेंबरात फटीभोवती ढगासारखं नवं हाड दिसलं. फेब्रुवारीत एक्स-रेवर दिसणाऱ्या हाडाच्या चारपैकी तीन कडा जुळल्या होत्या. मशेरी सुटल्याने, पुडीने, मोजून दिलेल्या वजनाने, की नुसता वेळ गेल्याने? तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात बदलल्या, त्यामुळे मला ते वेगळं काढता येत नाही. रात्री आडवी झाले की मी जुलै ते ऑक्टोबरचे आठवडे मोजते. सोळा होतात.

फॉर्मवर आता ‘तंबाखू’च्या आधी मी हाताने एक ओळ लिहून ठेवली आहे – दात कशाने घासता? पहिल्याच दिवशी दोन बायकांनी पदरामागून डबी काढली. एकीचं मनगट मोडलेलं होतं.

आजी एप्रिलमध्ये काठी घेऊन पाखाडी उतरल्या. संध्याकाळी पाऊल अजून सुजतं, बाहेरच्या कडेला बोट दाबलं की खळगा पडतो. विहिरीवर मात्र सून जाते, आणि आजी वरच्या चिऱ्यावर उभ्या राहून तिला सांगतात, पाय खंय ठेवायचो ता.