टायमिंग बरोबर होतं

त्या दिवशी पहिली किक मी मारायला हवी होती. पण गाडी, जुनी बुलेट, ताईंच्या वडिलांची. आठ महिने माझ्याकडे रिस्टोरेशनसाठी उघडून पडलेली, आणि ताई दुपारपासून स्टूल ओढून समोर बसलेल्या. "मीच मारते," म्हणाल्या. मी अडवलं नाही. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, मी स्वतः लावलं होतं आणि तीनदा तपासलं होतं. ताईंनीही वडिलांनी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. डीकॉम्प (सिलिंडरातला दाब सोडायची कळ) दाबून अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणला, किक किंचित पुढे ढकलली, डीकॉम्प सोडला आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. इंजिनातून एकच 'फट्ट' आला आणि किक तितक्याच जोरात उलटी वर आली. ताई हवेत उडाल्या असं म्हणणार नाही, पण क्षणभर दोन्ही पाय जमिनीवर नव्हते.

घोटा सुजला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं. जाताना लंगडत म्हणाल्या, "दादा, बाबांच्या पंचवीस वर्षांत हिने कधी असं केलं नव्हतं." हे वाक्य मला डॉक्टरांच्या बिलापेक्षा जड गेलं.

गाडी 1974 सालची बुलेट 350. बोअर 70, स्ट्रोक 90, म्हणजे 346 सीसी. सहा व्होल्टची वायरिंग, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. रिस्टोरेशन म्हटलं की लोकांना रंग आणि क्रोम दिसतं. खरं काम त्याच्या आतलं, आणि आतल्या कामातलं सर्वात चिवट म्हणजे टायमिंग. पिस्टन मिश्रण दाबत वर येतोय, अजून टॉपला पोचायचाय, तेवढ्यात ठिणगी पडली पाहिजे. या गाडीला पुस्तकातला आकडा टॉपच्या 0.8 मिलिमीटर आधी, आणि तोही ॲडव्हान्सची वजनं पूर्ण मिटलेली असताना. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या हिशेबात साडेनऊ-दहा अंश. वेग वाढला की पॉइंटच्या (उघडला की ठिणगी पडते त्या स्विचच्या) प्लेटखालची दोन वजनं स्प्रिंग ताणून फाकतात आणि ठिणगी आपोआप आणखी लवकर पडू लागते. किक मारताना मात्र इंजिन जेमतेम फिरत असतं. तेव्हाच ठिणगी फार लवकर पडली तर मिश्रण पिस्टन वर पोचायच्या आत पेटतं, त्याला खाली ढकलतं, आणि तो सगळा धक्का पायात येतो.

हे मला माहीत होतं म्हणूनच मी इतकी काळजी घेतली होती. बहुतेक जण प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून 'टॉप आला' म्हणतात. बुलेटचा प्लग तिरका बसतो, स्क्रूड्रायव्हर तिरका सरकतो, आणि वर तर पिस्टन इतका मंद होतो की दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तरी हाताला कळत नाही. मी जुना प्लग पोकळ करून त्यात बोल्ट बसवलाय. तो प्लगच्या जागी घट्ट केला की पिस्टन टॉपच्या थोडा आधी त्याला अडतो. क्रँकवर अंशांची तबकडी लावायची, सावकाश एका बाजूने फिरवून अडेल तो आकडा घ्यायचा, मग उलटं फिरवून दुसरा. दोन्हींचा बरोबर मध्य म्हणजे टॉप. मग पॉइंटला 0.35 मिलिमीटरची फट फीलरने (फट मोजायच्या पातळ पट्टीने), सहा व्होल्टचा बल्ब पॉइंटच्या टर्मिनलपासून अर्थला, आणि इंजिन फिरायच्या दिशेने हलक्या हाताने क्रँक. पॉइंट उघडतो त्या क्षणी बल्ब लागतो. बल्ब नव्हता तेव्हाचे लोक पॉइंटमध्ये पातळ कागद धरायचे आणि तो सुटला की 'उघडला' म्हणायचे. तीही पद्धत चांगलीच आहे. मी तीन वेळा केलं, तिन्ही वेळा साडेनऊला बल्ब लागला.

तरी गाडीने माणसाला फेकलं.

दुसऱ्या दिवशी संशयितांची रांग लावली. पहिला संशय ॲडव्हान्सच्या स्प्रिंगांवर. त्या मी नव्या घातल्या होत्या, 'ओरिजिनल' छापलेल्या पुडीतल्या. काढून जुन्यांशेजारी ठेवल्या तर दोन नव्या स्प्रिंगांची आपापसातच लांबी जुळेना. असल्या ढिल्या स्प्रिंगने वजनं आरामातच फाकून बसतात. ही पुडी भरणाऱ्या माणसाला एकदा स्वतः किक मारायला लावलं पाहिजे. जुन्या स्प्रिंगा साफ करून परत घातल्या, गाडी स्टँडवर घेऊन मीच किक मारली. माझ्या बुटामुळे पाय वाचला, एवढंच.

मग अर्थचं कनेक्शन. पॉइंट ज्यात बसतात त्या डिस्ट्रिब्युटरच्या बैठकीवर पावडर कोटिंग चढलं होतं. देखणं, पण विजेच्या आड येणारं. रिस्टोरेशन झालेल्या कित्येक गाड्या या एका कारणाने महिनोन्महिने चालू होत नाहीत आणि मालक कार्ब्युरेटरला शिव्या घालत बसतात. कोटिंग खरवडलं, ठिणगी जाड निळी झाली. चूक माझीच होती, पण ही ती चूक नव्हती. कंडेन्सर बदलला, फरक शून्य. तिकडे एका ओळखीच्याने फोनवर सल्ला दिला की हे पॉइंटबिंट फेकून दे आणि इलेक्ट्रॉनिक बसव. हल्ली कुठल्याही प्रश्नाला हे एकच उत्तर मिळतं. तेही त्याच शाफ्टवर बसतं, हे सांगायचे कष्ट मी घेतले नाहीत. त्या घडीला मलाच ते नीट सुचलेलं नव्हतं.

शेवटी ठरवलं, चालू इंजिनावर स्ट्रोबने, म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने बघायचं. पण त्यासाठी आधी गाडी चालू व्हायला हवी, आणि माझा पायही जागेवर राहायला हवा. म्हणून टायमिंग मुद्दाम लेट केलं. किती? वही काढली. गाडी आली त्या दिवशीची नोंद होती: 'टायमिंग लेट, जेमतेम 4 अंश. बेंड पाइप निळा. आधीच्या मिस्त्रीचं काम.' ठिणगी उशिरा पडली की जळणारा वायू एक्झॉस्टमध्ये जास्त तापलेला जातो, म्हणून पाइप निळा पडतो. त्या दिवशी मी ताईंना सांगितलं होतं, "तुमच्या मिस्त्रीने टायमिंगची वाट लावली होती, मी पुस्तकाप्रमाणे करून देतो." आता त्याच चारवर लावलं, निदान तेवढ्यावर चालू तरी व्हायची म्हणून.

दुसऱ्या किकला लागली. आळसावलेली, पण गोड.

प्रायमरी कव्हर उघडं, तबकडी आल्टरनेटरच्या टोकाला, साखळीचं तेल उडतंय, त्यामुळे हातात मिनिटभरच वेळ. स्ट्रोबला 12 व्होल्ट लागतात म्हणून वेगळी बॅटरी. निरोगी इंजिनात स्ट्रोबच्या उजेडात खूण जागच्या जागी थांबलेली दिसते, फार तर अंश-दीड अंश थरथरते. इथे खूण पंख्यासारखी पसरली होती. सावकाश चालत्या इंजिनावर, वजनं अजून मिटलेली असताना, एक ठिणगी चार अंशांवर, पुढची बारावर, मग सातवर, मग पंधरावर. प्रत्येक ठिणगीचं स्वतःचं वेगळं टायमिंग. त्या गाडीला टायमिंग असं नव्हतंच!

इंजिन बंद केलं, पॉइंटचं झाकण काढलं, आणि कॅमवर, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या शाफ्टवरच्या उंचवट्यावर, अंगठा ठेवून आडवं ढकललं. खट्‌. परत उलटं. खट्‌. शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश पूर्ण गेलेला.

आठ महिन्यांत मी त्या डिस्ट्रिब्युटरला रंग दिला, नवे पॉइंट दिले, नवा कंडेन्सर, नवी वायर, चकचकीत स्क्रू. अंगठा एकदाही लावला नाही. दहा सेकंदांचं काम. जे चमकवता येतं तेच तपासायची सवय या धंद्यात कशी लागते कोण जाणे, पण मला लागली आहे.

आता कोडं सुटायला लागलं. हाताने क्रँक फिरवताना पॉइंटची पट्टी आपल्या स्प्रिंगने कॅमला एका बाजूला दाबून ठेवते. ढिला शाफ्ट निमूटपणे त्या बाजूला टेकून राहतो. फट मोजली तीही तशीच, बल्ब लावला तोही तसाच. म्हणून तिन्ही वेळा आकडा साडेनऊ. इंजिन जोरात फिरलं की शाफ्ट बुशमध्ये आपटत फिरतो, पॉइंटकडे सरकला की फट वाढते आणि पॉइंट आधी उघडतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे तिथला एक अंश क्रँकवर दोन. थोडक्यात, मी लावलेले साडेनऊ ही सर्वात उशिराची ठिणगी होती. बाकीच्या सगळ्या तिच्या आधी, थेट विसापर्यंत. ताईंच्या वाट्याला विसातली एक आली.

नवा बुश लेथवर फॉस्फर ब्राँझचा केला. शाफ्टही लंबगोल झिजला होता. तो ग्राइंड करून गोल केला आणि बुश त्या मापाला रीम केला. फिट करताना दोनदा जाम झाला, तिसऱ्यांदा असा बसला की बोटाने फिरवला तर तेलात फिरल्यासारखा फिरतो आणि आडवा हलत नाही. परत 0.8, परत स्ट्रोब. खूण जागेवर. या कामाचा मला अभिमान आहे आणि तो कुणाला दिसणार नाही.

पण डोक्यातून जाईना तो चारचा आकडा. चार आणि पंधरा यांचा मध्य साडेनऊ. म्हणजे आधीच्या मिस्त्रीने टायमिंग अशा ठिकाणी ठेवलं होतं की विखुरलेल्या ठिणग्यांचा मधला बिंदू बरोबर पुस्तकाच्या आकड्यावर यावा आणि सर्वात लवकरची ठिणगीही पाय तोडणार नाही इतपत राहावी. योगायोग असेल, आपोआप सरकलं असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. मग गाडी उघडण्याआधी मोबाइलवर काढलेले फोटो मोठे करून बघितले. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर छिन्नीची बारीक रेघ होती, तिच्यासमोर बैठकीवर दुसरी, दोन्ही एका रेषेत. मुद्दाम मारलेली. त्या रेघा आता नाहीत. बॉडीवरची माझ्या बफिंगमध्ये गेली, बैठकीवरची कोटिंगच्या आधीच्या सँडब्लास्टिंगमध्ये.

तो बुश का बदलला नाही, याचा मला अजून राग येतो. बदलायलाच हवा होता. पाइप निळा पडत होता, गाडी चढावर दम टाकत असणार, पेट्रोल जास्त पीत असणार. पण त्याला बुश गेल्याचं कळलं होतं, हेही तितकंच खरं. नवा मिळाला नसेल, किंवा मालकाने 'सध्या चालू द्या' म्हटलं असेल. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली.

ताई मागच्या आठवड्यात येऊन गेल्या. पहिली किक मी मारली, मग त्यांनी. पहिल्यातच लागली. त्या थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. पण बाबांच्या गाडीचा आवाज असा नव्हता." नसणारच. लेट टायमिंगची गाडी सावकाश, जड ठोके देते. मी मिस्त्रीबद्दल बोललेलं मागे घेतलं आणि फोटोतली रेघ त्यांना दाखवली.

मला अजून कळत नाही ते एवढंच, की स्ट्रोबशिवाय, तबकडीशिवाय त्या माणसाने तो मध्य काढला कसा. हे मी मोठ्याने बोललो असणार, कारण कोपऱ्यात चेन धूत बसलेला आमचा पोरगा वर न बघताच म्हणाला, "काढला कुठला? लाथा खाऊन खाऊन मागे सरकवत गेला असेल, खायच्या थांबल्या तिथे रेघ मारली."