कस, पाटन, नती : खनिजांची भाषा शिकताना

भूविज्ञानाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला दीड महिना उरला होता आणि माझी वही संज्ञांनी भरली होती. एका बाजूला इंग्रजी संज्ञा, दुसऱ्या बाजूला मराठी प्रतिशब्द. सकाळी पाठ केलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नसे. पाटन कुठलं आणि भंजन कुठलं, या खनिज फुटण्याच्या दोन तऱ्हांत तर रोजची गफलत.

गाडी रुळावर आली ती ‘कस’ या शब्दामुळे. बिनचकाकीच्या पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीवर खनिज घासलं की भुकटीची रेघ उमटते; त्या रेघेचा रंग म्हणजे कस. सोनार कसोटीवर सोनं घासून बघतो, तोच हा कस! हे लक्षात आलं त्याच दिवशी मी प्रयोगशाळेतले दोन काळसर, जड नमुने उचलले. दिसायला जुळे भाऊ. एकाची रेघ काळी उमटली, तो मॅग्नेटाइट. दुसऱ्याची तांबूस तपकिरी, तो हेमॅटाइट. हेमॅटाइट हे नाव रक्त या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय, हे त्या रेघेकडे बघून मनोमन पटलं. पायराइट सोन्यासारखा पिवळा दिसतो, पण त्याचा कस हिरवट काळा. सोन्याचा कस पिवळाच.

तेव्हापासून शब्द आधी हाताखालून घालायचा आणि मगच वहीत उतरवायचा, असा नेम केला. कॅल्साइट फोडला तर लहानातला लहान तुकडाही तिरप्या पेटीसारखाच निघाला. ठरावीक पातळ्यांवर असं फुटणं म्हणजे पाटन. क्वॉर्ट्झला अशा पातळ्या नाहीत, तो शिंपल्यासारखे वळसे दाखवत फुटतो. ते शंखाभ भंजन. कठिनतेला फार वेळ लागला नाही. जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या कठिनतेच्या श्रेणीत शंखजिरं १ आणि हिरा १०. एवढंच ध्यानात ठेवायचं की हे नुसते क्रम आहेत. ९ क्रमांकाच्या कुरुविंदाहून हिरा कितीतरी पट कठीण असतो.

खरा घाम काढला खडकांच्या थरांचा कल सांगणाऱ्या नती आणि नतिलंबानं. शेवटी एक फळी पाण्याच्या परातीत तिरपी धरली. पाणी फळीला जिथे टेकलं ती आडवी रेघ म्हणजे नतिलंब. फळीवर वरून सोडलेला थेंब ज्या बाजूला ओघळला ती नतीची दिशा, आणि फळीनं पाण्याच्या पातळीशी केलेला कोन म्हणजे नती. ‘नतमस्तक’मधला ‘नत’ आठवला, की थर कुठे झुकलाय हे आपसूक डोळ्यांपुढे येतं.

तोंडी परीक्षेत मात्र विचारलं, खनिज आणि धातुक यांत फरक काय? मी म्हटलं, ज्यातून धातू काढणं परवडतं ते धातुक. परीक्षकांनी पुढे विचारलं, “धातूचा भाव पडला तर?” क्षणभर थांबून मी म्हटलं, “खनिज तेच राहील, पण त्याला धातुक म्हणता येणार नाही.” त्यांनी मान डोलावली आणि पुढचा नमुना माझ्यासमोर सरकवला.