डंपवर सरळ चर मारायची सवय

कोळसा काढून झाला, खड्डा भरला, डंपला म्हणजे खाणीतून निघालेल्या माती-दगडाच्या ढिगाला आकार दिला, वर माती पसरून गवत पेरलं की सगळ्यांना वाटतं झालं काम, आणि मग कुणीतरी विचारतं अरे पाणी कुठून काढायचं? मग पोकलेन बोलवायचा आणि वरून खालपर्यंत सरळ चर मारायचा. मीही मारलेत, खोटं कशाला बोलू.

त्यातला एक अजून डोक्यातून जात नाही. छान पिचिंग केलेला, म्हणजे आतून दगड बसवलेला, फोटोत एकदम भारी. दुसऱ्या पावसाळ्यात बघायला गेलो तर दगड सगळे जागेवर, पण एका ठिकाणी दगडांच्या फटीत हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला, खाली काहीच नाही, पोकळ! पाणी दगडांवरून वाहतच नव्हतं, खालून बारीक माती धुऊन नेत होतं. पिचिंगखाली खडीचा फिल्टर किंवा जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) टाकायचं राहिलं होतं, शिवाय खालचा भरावही खचला होता. फोडलेला दगड पुन्हा भरला की 20-30 टक्के फुगतो आणि मग कितीतरी वर्षं दबत राहतो, कुठे जास्त कुठे कमी, त्यामुळे काँक्रीटचं लायनिंग तर हमखास तडकतं. सुटे दगड निदान जमिनीबरोबर खाली बसतात.

पण खरी चूक त्याच्याही आधीची, डंपच्या आकाराची. कुठलाही जुना ओढा बघा, उगमाकडे चढ आणि खाली येईल तसा सपाट होत जातो, कारण खाली पाणी जास्त असतं आणि जास्त पाण्याला कमी उतार पुरतो. आपला डंप बरोबर उलटा, वर टेबलासारखा सपाट आणि कडेला धाडकन उतार, म्हणजे वरचं सगळं पाणी गोळा करून सगळ्यात तीव्र उतारावर सोडायचं आणि मग घळी का पडतात म्हणून डोकं खाजवायचं.

हिशोब अगदी सोपा आहे. तळावरचा ताण, म्हणजे वाहतं पाणी तळाला किती जोराने ओढतं ते, म्हणजे एक घनमीटर पाण्याचं वजन (9810 न्यूटन) गुणिले खोली गुणिले उतार. 30 सेंमी पाणी आणि 10 टक्के उतार धरला तर 9810 × 0.3 × 0.1, साधारण 294 पास्कल, म्हणजे ढोबळमानाने 40 सेंमीचा दगड लागतो. तेवढीच खोली पण उतार 1 टक्का केला तर 29 पास्कल, 4 सेंमीची खडी टिकते. दगडावर पैसे घालण्याआधी डोझरने उतार बदलता येतो का ते बघा ना, डोझर तसाही साइटवर उभाच असतो. जिथे उतार कमी होतच नाही तिथे मोठ्या दगडांच्या पायऱ्या आणि मधे डोह, जिथे जागा आहे तिथे नागमोडी वळणं. न्यू मेक्सिकोतल्या ला प्लाटा खाणीत असंच सगळी जमीन ओढ्यांच्या हिशोबाने घडवली, आधी पाणलोट आणि मग टेकड्या.

आणि हो, नियम. अमेरिकेतल्या नियमात वळवलेल्या बारमाही ओढ्याचा कायमचा मार्ग 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या 6 तासांच्या पावसाला पुरला पाहिजे असं आहे. ठीक आहे, पण पाणी मावणं वेगळं आणि तळ टिकणं वेगळं, नाला काठोकाठ न भरतासुद्धा तळातून फाटतो. शिवाय डंपर फिरून फिरून जमीन इतकी ठोकली गेलेली असते की पाणी मुरत नाही, त्यामुळे शेजारच्या जंगलाचा रनऑफचा (न मुरता वाहून जाणाऱ्या पाण्याचा) आकडा इथे वापरला की गणितच चुकतं.

शेवटचं, दगड. खाणीतच निघालेला दगड फुकट म्हणून वापरायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्यात शेल (चिखलाचा थराथरांचा ठिसूळ दगड) असला तर तो दोन पावसाळ्यांत भुगा होतो. मी आता प्रत्येक ढिगातले चार दगड बादलीत रात्रभर भिजवतो, दिवसभर उन्हात वाळवतो, असं तीन-चार वेळा करतो. मागच्या वेळी दुसऱ्याच दिवशी बादलीच्या तळाला बोटभर गाळ होता, तो ढीग तसाच परत भरून पाठवला.