हात लहान नव्हता

श्रावणातली दुपार होती आणि सकाळपासून पाऊस थांबला नव्हता. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका दुकानात मी १६ वर्षं गिटारी दुरुस्त करतोय. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, गिटारीची वरची फळी फुगते आणि तारा वर उचलल्या जातात, म्हणून या दिवसांत माझ्या टेबलावर रांग असते. त्या रांगेत साठी उलटलेल्या एक काकू येऊन उभ्या राहिल्या. मागे त्यांचा भाचा, पाठीवर भलीमोठी बॅग.

"विकायची आहे," काकू म्हणाल्या. "सहा महिने शिकले. क्लासमधले सर म्हणतात, तुमचा हात लहान पडतो. वयही झालंच की आता."

बोलता बोलता कळलं की त्या ३४ वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. तान्ह्या बाळांच्या शिरा शोधून सुई लावलेले हात होते ते. असा हात सहा तारांवर बोटं ठेवायला कमी पडेल, हे काही मला पटेना.

गिटार टेबलावर घेतली आणि बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीवर, मोजपट्टी लावली. जाड तार फ्रेटपासून ३.८ मिलिमीटर वर, बारीक तार ३ मिलिमीटर. मी साधारण २.४ आणि १.८च्या आसपास ठेवतो. मग नट बघितला, म्हणजे दांड्याच्या टोकाची, तारा पेलणारी खाचांची हाडाची पट्टी. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट उरायला हवी. इथे माझं व्हिजिटिंग कार्ड सहज आत गेलं. नट इतका उंच असला की सगळ्यात जास्त हाल एफ कॉर्डचे होतात (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार स्वर), कारण तो पहिल्याच फ्रेटवर, नटाला चिकटून दाबायचा असतो.

"एफ लागतो का, काकू?"

"नाही हो. तिथेच रडू येतं."

मी स्वतः एफ धरून बघितला. एवढ्या वर्षांचा हात माझा, तरी दोन मिनिटांत अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं. तसं त्यांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिल्या. या बाईंनी सहा महिने स्वतःला दोष दिला होता आणि दोष होता एका हाडाच्या पट्टीत! अशा किती जणांनी शिकणं सोडलं असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

नट आणि सॅडल, म्हणजे तारांच्या दुसऱ्या टोकाची तशीच पट्टी, घासून तारा खाली आणता आल्या असत्या. पण त्याआधी मी त्यांना गिटार मांडीवर घेऊन बसायला सांगितलं, आणि खरी अडचण तिथे दिसली. उजवा खांदा कानाकडे चढला, कोपर गिटारीच्या कडेवर लटकलं. ती ड्रेडनॉट होती. १९१६ साली मार्टिन कंपनीने हा मोठा आकार पहिल्यांदा बनवला आणि नाव दिलं ब्रिटिश युद्धनौकेचं. खाली रुंदी जवळजवळ ४० सेंटिमीटर, जाडी साडेबारा. भाच्याने दुकानात स्वतः वाजवून पसंत केली होती. तो सहा फुटी, त्याला ती छानच बसत होती.

मी तीन लहान गिटारी काढल्या आणि अट घातली: पाच मिनिटं एकही तार छेडायची नाही, नुसतं घेऊन बसायचं. हे मी सगळ्यांनाच सांगतो आणि बहुतेकांना ते वेळ घालवणं वाटतं. पण खांदा, मनगट आणि मान पाच मिनिटांत खरं बोलतात. दुसऱ्या गिटारीवर काकूंचा खांदा खाली आला. खालची रुंदी ३६ सेंटिमीटर, जाडी साडेदहा. नटापासून सॅडलपर्यंतचं अंतर ६४५ऐवजी ६३२ मिलिमीटर, म्हणजे फ्रेट थोडे जवळ आणि त्याच तारांचा ताणही चारेक टक्क्यांनी कमी. तिची मान, म्हणजे डाव्या हातात धरायचा दांडा, मात्र जाड होती. बारीक मानच सोपी असते असा समज आहे, पण ज्यांचा अंगठा दुखतो त्यांना भरीव मानेवर बरं वाटलेलं मी पुष्कळदा बघितलंय. काकूंना वाटलंच.

राहिला आवाज. वाजवणाऱ्याला गिटार मागून ऐकू येते, समोर ती वेगळीच असते. म्हणून भाच्याला वाजवायला बसवलं आणि काकूंना समोर, पाठमोरं. त्यांना भावगीतं गायची होती, म्हणून म्हटलं, गुणगुणा. मोठ्या गिटारीचा खर्ज त्यांच्या मऊ आवाजावर पसरला. एकटी ऐकली तर तीच जास्त भारी वाटते, दुकानात माणूस फसतो तो इथेच. लहान गिटार सुरू झाली तसा काकूंचा आवाज हळूच वर आला. दोन ओळी झाल्यावर त्या वळल्या. "आता मला मी ऐकू येतेय."

ती १९,००० रुपयांची होती. मोठी भाच्याने ३२,०००ला घेतली होती. त्याने मुकाट्याने मोठी आपल्या पाठीवर टाकली.

नव्या गिटारीच्या नटाच्या खाचा मी तिथेच बसून उतरवल्या, बाराच्या जाड तारा काढून अकराच्या बारीक लावल्या. हाडाची नवी सॅडल घासायला घेतली तेव्हा काकू जवळ येऊन बघत होत्या. "म्हणजे ही तंबोऱ्याची घोडीच की!" मी म्हटलं, अगदी तशीच, फक्त इथे जवारी, म्हणजे तार घोडीला घासून उठणारी ती झणझण, नको असते. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावी लागते. मूळची उंच सॅडल लिफाफ्यात घालून बॅगेच्या खिशात ठेवली. थंडीत हवा कोरडी झाली की फुगलेली फळी बसते आणि तारा जास्तच खाली येतात.

डिसेंबरात काकू एकट्याच आल्या. डाव्या हाताच्या बोटांवर घट्टे पडले होते. बसल्या, एफ धरला, स्वच्छ वाजवला. मग जाड तार दुसऱ्या फ्रेटवर दाबून छेडली. बारीकशी खरखर.

"जवारी लागलीय," म्हणाल्या, आणि लिफाफा माझ्या टेबलावर ठेवला.